वारूळपेठेतलं बिनमध्यंतराचं नाटक

एका जंगलात, मुलांनो, नदीच्या वरच्या अंगाला एक फार जुनी पेठ होती. तिचं नाव वारूळपेठ. हत्तीनं मान वर करून बघावं अशी उंच उंच वारुळं तिथं होती. ती बांधणाऱ्या वाळव्या केव्हाच निघून गेल्या होत्या. नव्या जंगलात लाकूड जास्त मऊ मिळतं म्हणे. वारुळं मात्र भक्कम होती. आत कोरडी जमीन, वर गारवा, आणि सगळी रिकामी.

त्याच जंगलात भागू नावाची एक मुंगसीण होती. पुरात तिचं बीळ वाहून गेलं. तेव्हापासून ती तीन पिल्लांना घेऊन करवंदीच्या जाळीत राहत होती. जाळीत वारा शिरे. धाकट्या पिटकूला खोकला लागला होता.

एक दिवस सिंहमहाराजांची स्वारी पेठेतून गेली. महाराज म्हणाले, "एवढी वारुळं रिकामी? बरं दिसत नाही. यांचं काहीतरी करा."

लगेच समिती बसली. सल्लागार म्हणून करकोचेसाहेबांना बोलावलं. ते दर हिवाळ्यात परदेशातून येत आणि उन्हाळ्यात परत जात. त्यांना स्वतःचं घर कुठंच नव्हतं, म्हणून घरांबद्दल त्यांचं मत निःपक्षपाती समजलं जाई.

साहेबांनी भराभर कामं काढली. पहिल्या वारुळात अस्वलानं मधाच्या काढ्याचं दुकान थाटलं. दुसऱ्यात मोराच्या पिसांचं प्रदर्शन लागलं. ते बघायला मोर एकटाच येई, पण रोज येई. तिसऱ्यात वारुळांचं संग्रहालय झालं. वारूळ कसं असतं, याची चित्रं त्या वारुळात लावली. चौथं वारूळ मुद्दाम रिकामं ठेवलं आणि त्याला नाव दिलं, 'रिकामेपणाचं स्मारक'. आत जायला मनाई होती. आत गेलं की स्मारक बिघडे.

पाचवं वारूळ उरलं होतं. भागू पिल्लांना घेऊन समितीपुढं गेली.

"साहेब, तेवढं एक मला द्या."

"जरूर! काय करणार तुम्ही त्यात?"

"राहीन."

करकोचेसाहेबांनी एक पाय वर घेतला. विचार करायचा झाला की ते तसं करत.

"बाई," ते म्हणाले, "वारूळ मुळात राहायलाच बांधलं होतं ना? मग त्यात राहिलात तर तो पुनर्वापर कसा? तो नुसता वापर झाला! आमची योजना पुनर्वापराची आहे."

भागूला रडूच आलं. परतताना शेजारचं साळिंदर भेटलं. त्याचंही घर पुरात गेलं होतं.

"वहिनी, चुकलात," ते म्हणालं. "राहते म्हणायचं नाही. राहून दाखवते म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी भागू पुन्हा समितीपुढं उभी राहिली. मुंगसाच्या जातीला खोटं बोलायची सवय नसते.

"साहेब, मी मुंगसांच्या पारंपरिक जीवनाचा प्रयोग करणार आहे. जिवंत. सहकुटुंब."

"वा!" करकोचेसाहेबांचे दोन्ही पाय जमिनीवर आले. "हे आधीच का नाही बोललात?"

महाराजांनी वेल कापून उद्घाटन केलं. प्रयोग सुरू झाला. भागू झाडलोट करी, तर हरिणी टाळ्या वाजवत. पिटकू खोकला, की त्या एकमेकींना म्हणत, "अगं, काय हुबेहूब खोकतो!"

पण संध्याकाळ झाली की रखवालदार वानर येई. "भागूताई, चला. पेठ बंद झाली." मग भागू पिल्लांना उठवी आणि चौघं पुन्हा जाळीत. दिवसभर घरात राहायचं नाटक करायचं आणि अंधार पडला की खरोखर बेघर व्हायचं. पिटकूचा खोकला वाढला.

एका संध्याकाळी पिटकूचं अंग तापलं होतं. वानर नेहमीप्रमाणं दारात आलं.

"भागूताई, चला."

भागू जागची हलली नाही. तिची शेपटी फुलली होती.

"मी अजून भूमिकेत आहे," ती म्हणाली.

वानर बावरलं. चालू प्रयोगात कलावंताला हात लावू नये, असा नियम होता. त्यानं डोकं खाजवलं, वाकून नमस्कार केला आणि ते पाय न वाजवता निघून गेलं.

सकाळी भागू भूमिकेतच होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पिटकूचा ताप उतरला आणि भागूला समजलं, की आता या भूमिकेतून बाहेर यायचं कारण उरलं नाही.

करकोचेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला म्हणतात समरस होणं!"

मग काय! साळिंदर कलावंत झालं. ससे कलावंत झाले. पुरात घर गेलेलं प्रत्येक कुटुंब कलावंत झालं आणि मिळेल त्या वारुळात शिरलं. रिकामेपणाच्या स्मारकात तित्तिरांची पंधरा माणसं भरली आणि त्यांनी प्रयोगाचं नाव ठेवलं 'गर्दी'. पेठेत भांडणं ऐकू येऊ लागली, अंगाई ऐकू येऊ लागली.

"पेठ कशी जिवंत झाली!" महाराज म्हणाले. "साहेब, आता आमची गुहाही बघा."

साहेबांनी गुहा बघितली आणि मान हलवली. "महाराज, अरेरे! ही तर नुसती वापरात आहे. आधी रिकामी करावी लागेल."

महाराजांनी गुहा रिकामी केली. समितीत विषय गेला. तिथं मतभेद झाले. दरम्यान हिवाळा संपला आणि करकोचेसाहेब परदेशी उडून गेले. त्यांच्याशिवाय समितीला निर्णय घेता येईना. गुहेच्या तोंडाशी वानर बसलं, आणि नियम म्हणजे नियम.

एका संध्याकाळी भागूच्या दारात मोठी सावली पडली. आयाळीत काटे अडकलेले, डोळे लाल. महाराजच होते.

"भागूबाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या नाटकात एखादी भूमिका आहे का? झोपलेल्या सिंहाची?"

भागूनं दाराकडं बघितलं, मग महाराजांकडं. दारातून त्यांचा पंजाच जेमतेम आत आला असता.

"दाराबाहेर झोपायची आहे," ती म्हणाली. "संवाद नाहीत."

"चालेल," महाराज म्हणाले, आणि आडवे झाले.

समोरून जाणाऱ्या हरिणी थबकल्या, दुरूनच. "हा काही आपल्या महाराजांसारखा वाटत नाही बाई," एक म्हणाली. "पण प्रयत्न बरा आहे."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण आधी घर मिळवावं.