काळूरामदादांची जर्मन बहीण

सिनेमात प्रेमाचा प्रसंग आला की आमच्या किन्हवलीचे काळूरामदादा मोबाईल माझ्या हातात देतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. थोड्या वेळानं विचारतात, "वैनी, झालं का त्यांचं?" कारण नायिका ट्रूडी ही जर्मनीतली प्रसिद्ध नटी दादांची मानलेली बहीण आहे. ट्रूडीला हे अजून कळलेलं नाही.

दादा म्हणजे आमचे शेजारी, एकटा जीव. आटगावच्या एका गोदामावर वॉचमन होते. तिथं मोबाईलवर, हिंदीत डब केलेल्या मालिकेत, ट्रूडी इन्स्पेक्टर होऊन आली आणि तेव्हापासून तिचा सगळा जीवनप्रवास दादांना तोंडपाठ. पावभट्टीवाल्याची पोर, शाळेच्या नाटकात कुणी आजारी पडलं म्हणून उभी राहिली, पहिल्या सिनेमात नर्स झाली, मग वर्षानुवर्षं खुनी पकडत राहिली. आता म्हणे तिकडे पोरंटोरंही तिला ओळखतात. आडनाव मात्र दादांना सांगता येत नाही. ते सासरचं, आपल्याला काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावरचा तिचा एकही नवरा त्यांना पसंत नाही. एकदा बिचारा सज्जन डॉक्टर होता, तर म्हणाले, हा लय गोड बोलतो.

मध्यंतरी बातमी आली, ट्रूडीचा तिसरा संसार मोडला. पडद्यावरचा नव्हे, खरा. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढली खोली झाडूनपुसून काढली, धुतलेली गोधडी अंथरली आणि माझ्याकडे आले. तिच्या व्हिडिओखाली लिवा, माहेर उघडं हाय. मी लिहिलं, मराठीतच. त्यावर कुणीतरी बदाम टाकला, तेवढ्यानं दादांना धीर आला.

मला थट्टा सुचली. म्हटलं, दादा, जर्मनी लांब पडते, तुमची सख्खी बहीण इंदूताई मुरबाडलाच आहेत की.

दादांचा चेहरा उतरला. मी जीभ चावली. मग त्यांनी सांगितलं. लग्न नवं असताना इंदू नवऱ्याच्या माराला कंटाळून घरी आली होती. लोक काय म्हणतील म्हणून बापानं सकाळीच परत धाडली. एसटीपर्यंत सोडायला गेले ते दादा.

"गाडी सुटंस्तोवर माझ्याकडं बघत होती वैनी. मी काय बोललोच नाय."

बापाच्या दहाव्याला ती उभ्या उभ्या आली आणि पाणीही न पिता गेली. आता नवरा वारला, तरी इकडे पाऊल नाही.

"तिला कुठल्या तोंडानं बोलवू?"

"ट्रूडीला बोलावलंत, त्याच."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दादा मुरबाडच्या गाडीत बसले. मी दिवसभर दाराशी घुटमळत होते. कामात लक्ष लागेना. संध्याकाळी ते परतले, आणि मागून इंदूताई. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

इंदूताई दादांच्या ओटीवर टेकल्या. माझ्याशी दोन शब्द बोलल्या, दादांशी एकही नाही. दादा नुसते खांबाला धरून उभे. चहा तरी ठेवावा म्हणून मी उठले, तर मला बसवून त्या स्वतःच आत गेल्या. भांडी वाजली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

"दादा, साखर कुठं हाय रे?"

दादांनी खांब सोडला.

"आई ठेवायची तिथंच हाय गो."