अक्रोड फोडायचं पिस्तूल

ट्वायला रविवारी जेवायला येणार होती आणि जाताना वडिलांचं पिस्तूल घेऊन जाणार होती. वडील, एमेट, वारले तेव्हाच दोन्ही बहिणींचं ठरलं होतं: पहिली दहा वर्षं थोरल्या ट्वायलाने ते सांभाळायचं, पुढची दहा लॉर्नाने, मग पुन्हा ट्वायलाने. लॉर्नाची दहा वर्षं रविवारी भरत होती.

"डेलमर, तेवढं पिस्तूल कपाटातून काढून तेल देऊन ठेव," लॉर्ना नवऱ्याला म्हणाली.

डेलमर हॉस्टेटलर 'हो' म्हणाला. पिस्तूल कपाटात नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते विकून त्याने होडीला मोटर बसवली होती. होडी त्याच उन्हाळ्यात बुडाली, मोटरीसकट.

म्हणून शनिवारी सकाळी, तेल आणतो असं सांगून, तो जत्रेच्या मैदानावरच्या बंदुकांच्या बाजारात शिरला. पिस्तुलावरचा नंबर कुणीच लिहून ठेवला नव्हता. घरातल्या वस्तूचा नंबर कोण लिहितो? पण बाकीच्या खुणा त्याला पाठ होत्या. पहिल्या महायुद्धातलं कोल्ट, पंचेचाळीसचं. मुठीची पाठ सपाट; नंतरच्या पिस्तुलांना तिथे कुबड असतं. मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या. आणि बुडाशी, उजव्या कोपऱ्यात, एक खळगा.

तो खळगा सासऱ्यांचा. एमेटनी त्या पिस्तुलाने आयुष्यात एक गोळी झाडली नाही. दर पानगळीत ते रिकामं करून, नळीकडून धरून, मागच्या पायरीवर बसून त्याच्या मुठीने काळे अक्रोड फोडायचे. ओहायोतला काळा अक्रोड हातोडीला दाद देत नाही.

सत्तर टेबलं झाली. कुबड, कुबड, कुबड. एकाहत्तराव्यावर सपाट पाठ दिसली.

&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;[सुतळीने बांधलेली चिठ्ठी: कोल्ट १९११. मुठीला खळगा, म्हणून स्वस्त. १,४०० डॉलर.]

डेलमरने ते उलटं केलं. खळगा होता, पण डावीकडे.

"हा डावीकडे कसा?" तो नकळत बोलून गेला.

विक्रेता विर्जिल स्टाउफरने चष्म्यावरून पाहिलं. "गोळी काय विचारून येते, कुठे लागू म्हणून?"

"गोळीचा नाहीये हा. अक्रोडाचा आहे."

"काय राव. अक्रोडाच्या लाकडाला अक्रोडच खळगा पाडणार? स्वतःच्या झाडाशी असं कोणी वागतं का?"

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने 'गोळी' एवढंच ऐकलं आणि सैनिकाच्या सन्मानार्थ टोपी काढून छातीशी धरली. त्याचं बघून आणखी दोघांनी काढली. विर्जिलने तेवढ्यात चिठ्ठी उलटवून पेन काढलं.

&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;[तीच चिठ्ठी, मागची बाजू: शत्रूची गोळी मुठीवर झेलली. १,९०० डॉलर.]

टोप्या काढलेल्या माणसांसमोर घासाघीस करायची डेलमरला लाज वाटली.

घरी गॅरेजमध्ये त्याने फळ्यांची अदलाबदल करून पाहिली. डावी फळी उजवीकडे बसेना. मग चेंबरमध्ये गोळी नाही ना, हे तीनदा तपासून उजव्या कोपऱ्याने अक्रोड फोडायला घेतले. अकरा अक्रोड फुटले, फळीवर ओरखडाही नाही. लॉर्ना दारात आली, वाडगा पाहून म्हणाली की बरं झालं, उद्या अक्रोडाचा गोड 'पाय' भाजायला लागणारच होते.

रविवारी ट्वायलाने जेवणाआधीच पिस्तूल मागितलं. हातात घेतलं, उलटं केलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"हेच का ते?"

"हेच," डेलमर ताटाकडे बघत म्हणाला.

लॉर्नाने वाकून पाहिलं. "हो की. खळगा डावीकडे. पप्पा डावखुरेच ना. गंमत म्हणजे ट्वायला, दहा वर्षांपूर्वी तू आणून दिलंस तेव्हा तो उजवीकडे होता. मला वाटलं, माझंच वय झालं." आणि ती रस्सा आणायला आत गेली.

डेलमरने मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने डेलमरकडे पाहिलं. त्याने विकलं होतं ते तिचं नकली. तिने विकलं होतं ते पप्पांचं, आणि तेच आता परत आलं होतं.

"छप्पर गळत होतं," ट्वायला पुटपुटली. "ते विकून स्वस्तातलं दुसरं घेतलं, हातोडीने खळगा पाडला. मी उजव्या हाताची. तू?"

"होडी."

लॉर्ना परत आली. "घेऊन जा बाई आता. तुझी दहा वर्षं."

"नको गं," ट्वायला घाईने म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही किती जपलंत."

डेलमरने मान डोलावली. त्या दिवशी दोघांनीही अक्रोडाच्या त्या 'पाय'चे दोन-दोन तुकडे मान खाली घालून खाल्ले.

सोमवारी कपडे धुताना लॉर्नाला नवऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठी पुन्हा सुतळीने बांधून तिने पिस्तूल स्वयंपाकघरात, लाटण्याशेजारच्या खिळ्याला टांगलं. डेलमर रोज कॉफी करताना ती वाचतो.

&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;[तीच चिठ्ठी. 'शत्रूची गोळी' खोडलेलं, 'मुठीवर झेलली' तसंच. वर लॉर्नाच्या अक्षरात: अक्रोड. किंमत खोडलेली. खाली: विकायचं नाही. दोघांनीही.]