अखंडितनिद्राअलंकृत जावईबापूंचा किताब कसा खरा जाहला त्याची हकीकत

श्रोते सावध असावे, आणि जे डुलकी घेत असतील त्यांस शेजाऱ्याने कोपर मारावे, कारण ही हकीकत डुलकीचीच आहे. मोटार शिकवणीच्या शाळेचे जे सर, त्यांच्या पत्नी बाईसाहेब यांचा हुकूम जाहला की सरांवर जो प्रसंग गुजरला तो साद्यंत लिहून काढावा. आणि हुकूम बाईसाहेबांचा, सबब 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. यात ऐकीव मजकूर पुष्कळ आहे, परंतु सरांचे घोरणे दोन गल्ल्या ओलांडून ऐकू येत असे, त्यास आम्ही काय करावे?

तर सर म्हणजे अखंडितनिद्राअलंकृत, क्लचमर्दन, द्वितीयब्रेकधारी, शाळेचे मालक आणि एकमेव शिक्षक. देह भारदस्त, आणि मान ऐसी की शर्टाचे वरचे बटण व त्याचे काज यांची कैक वर्षांत भेट नाही. 'अखंडितनिद्राअलंकृत' हा किताब त्यांस सासूबाईंनी बहाल केला होता. लग्नानंतर जावईबापू प्रथमच सासुरवाडीस दाखल जाहले, आणि दुपारी जेवून ऐसे आडवे जाहले की मांडणीवरची भांडी थरथरू लागली, तेव्हा सासूबाई कौतुकाने वदल्या, "झोपावं तर असं! अखंड!" मग तोच किताब कायम जाहला आणि सर तो मिरवू लागले.

शिकाऊ मंडळींतही या निद्रेचा मोठा लौकिक होता. सर शेजारच्या आसनावर, पायाशी दुसरा ब्रेक, आणि गाडी चालता चालता सरांचा डोळा लागला की शिकाऊ मनुष्य फत्ते जाहला ऐसे समजावे, हा त्या शाळेचा कायदाच होऊन बसला. 'माझ्या गाडीत सर झोपले' हे लोक घरी जाऊन सांगत, आणि ज्यांच्या गाडीत सर जागे राहिले ते तोंड लपवीत. एका नवशिक्या दंतवैद्याने तर सर झोपावेत म्हणून गाडी पाळण्यासारखी हाकली. सर परीक्षेची इतकी बारीक रीत घालतात, हे पाहून आम्हीही मान डोलवीत असू.

बाईसाहेबांनी मात्र त्या घोरण्याच्या तोफखान्यापुढे टिकाव न लागून कानांत कापूस कोंबला आणि हॉलमधील सोफ्यावर छावणी केली होती. सबब आत काय चालते याची खबर त्यांस नव्हती. सकाळी सरांचे डोके दुखे, तोंडास कोरड पडे, रात्रीतून कितीदा उठून न्हाणीघराकडे कूच होई, दिवसा लहानसहान गोष्टींवर मर्जी खप्पा होई, आणि जेवता जेवता घास हातात राहून मान खाली जाई. परंतु सर्वांस एकच जबाब तयार, तो म्हणजे कामाचा ताण. ताणाने फार सोसले त्या घरात.

अशात सासूबाईंनी मोटार शिकण्याचे मनावर घेतले. या बाई शिवणकामाचा क्लास चालवीत, उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. त्या स्टिअरिंगवर बसल्या आणि ॲक्सिलरेटर मशीनच्या पायट्यासारखा टाच-चवडा, टाच-चवडा ऐसा चालवू लागल्या, मग गाडी उड्या मारीत निघाली आणि पदपथावरील लोक दुकानांत शिरले. त्या हलकल्लोळात पहिल्याच सिग्नलपाशी सरांचा डोळा लागला. सासूबाईंस धन्य वाटले. पहिल्याच दिवशी पास!

आणि मग घोरणे थांबले.

प्रथम त्यांस वाटले, बरे जाहले, कानास विश्रांती. परंतु ज्या बाईने मशीनचा आवाज ऐकून बारा खोल्यांपलीकडून सांगावे की दोरा तुटला, तिला ती शांतता बरी वाटेना. त्यांनी तिरक्या नजरेने पाहिले, तो जावईबापूंचे तोंड उघडे, छाती ओढ घेते आहे, आणि हवा मात्र आत जात नाही. मग एकाएकी तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तैसा आवाज करून सरांनी श्वास ओढला, घोरणे पुन्हा चालू जाहले, आणि थोड्याने पुन्हा तीच शांतता. मोटारीत ऐसे धक्के बसत होते की मेलेला जागा व्हावा, आणि हा मनुष्य जागा होईना! सासूबाईंस आपल्याच चालवण्याने जावई गेला की काय ऐसे वाटले, आणि त्यांनी भर चौकात मधोमध गाडी उभी केली.

मागे भोंग्यांची नौबत झडू लागली. वाहतूक पोलीस तरातरा चालून आला.

"काकू, गाडी काढा बाजूला!"

"थांबा हो, इथं माझ्या जावयाचा दोरा तुटतोय!"

पोलिसाने खिडकीत डोके घातले, आणि दोघेही श्वास रोखून ऐकू लागले. सर गुदमरून दचकले, डोळे उघडले, समोर पोलीस पाहिला आणि सवयीने गर्जले, "क्लच दाबा!" पोलिसाने घाबरून सलाम केला.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात खलबत जाहले. सासूबाईंनी हकीकत सांगितली, आणि बाईसाहेब वदल्या,

"आई गं, मी आपली कापूस घालून खुशाल झोपत होते. घोरणं थांबलं की वाटायचं, सुटले बाई. आणि ते तेव्हा…" नवऱ्यावर त्यांचा फार जीव होता, कापूस गेला खड्ड्यात.

सरांकडे निरोप गेला की डॉक्टरांकडे चलावे. सरांकडून जबाब आला की गाढ झोपणाऱ्यास झोपेचा आजार, हा न्याय कोणत्या दरबारचा? आमच्या किताबाचा हा अपमान आहे. मग सासूबाईंनी फर्मान काढले की डॉक्टर पाहीपर्यंत सरांनी चालत्या गाडीत शिकवणीस बसू नये, आणि किल्ल्या जप्त करून मशीनच्या खणात टाकल्या. शेजारचे काका कुमकेस आले आणि झोपण्यापूर्वी एक पेला घेतल्यास सर्व ठीक होते ऐसा सल्ला देऊन गेले. सर रुसून तीन उशा घेऊन आडवे जाहले, आणि रुसल्या रुसल्या घोरू लागले.

तेवढ्यात बाईसाहेबांनी फोन काढून सर्व ध्वनिमुद्रित केले, आणि सर उठल्यावर त्यांचे त्यांस ऐकविले. आधी घोरणे आले, तेव्हा सर मिशीत हसले. मग शांतता आली. ती लांबत गेली, आणि ऐकता ऐकता सरांनीही श्वास धरून ठेवला, तो फोनमधील सरांनी श्वास घेतला तेव्हाच या सरांनी घेतला. चेहरा पांढराफटक पडला.

"हा मी?" सर म्हणाले. "चला. चप्पल कुठाय माझी?"

डॉक्टरीणबाईंनी मान मोजली, घशात दिवा मारला, रक्तदाब घेतला तो चढलेला निघाला, आणि मग समजावून सांगितले. "झोपेत घसा सैल पडतो, वाट बंद होते, श्वास अडतो. मग मेंदू तुम्हाला हलवून उठवतो, पण सकाळी त्यातलं काही आठवत नाही. घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो बरं का. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, गुदमरून जाग येत असेल, रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर तपासायलाच हवं. बारीक माणसालाही होतं, बायकांनाही होतं. आणि तुमच्यासारख्याचा गाडीत डोळा लागत असेल तर वाट बघू नये, लगेच यावं. तोवर गाडी बंद."

पेल्याची गोष्ट निघताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. मग काकांस तसे कळविण्यात आले.

"म्हणजे यांची झोप अखंड नाही?" सासूबाईंनी विचारले.

"अखंड? अहो, चिंध्या आहेत नुसत्या."

घरी येताच सासूबाईंनी किताब परत घेतला. सर एवढे हिरमुसले की त्या दिवशी ते कोणावर खेकसलेही नाहीत.

मग झोपेची तपासणी जाहली. डोक्यास तारा, छातीस पट्टा, बोटास चिमटा, ऐसा साज सरांच्या अंगावर लग्नातही चढला नव्हता. आजार ठरला, आणि तोही हलका नव्हे. नाकावर मुखवटा लावून झोपावे, यंत्र हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवील, वजनही उतरवावे, ऐसा बंदोबस्त ठरला. पहिल्या लढाईत सरांनी झोपेतच मुखवटा ओरबाडून फेकला. दुसऱ्या लढाईत कडेने हवा सुटून शीळ वाजली. मग दवाखान्यातून बेताच्या मापाचा मुखवटा आला, पट्टा गालास रुते म्हणून सासूबाईंनी त्यास मऊ कापडाची खोळ शिवून दिली, आणि सर हळूहळू त्यास रुळले. एका रविवारी दुपारी सर मुखवटा लावून निजले असता घर एकदम निःशब्द जाहले, आणि बाईसाहेब हातातले टाकून धावल्या. सरांच्या छातीवर हात ठेवला, तो छाती संथ वरखाली होत होती. त्यांनी कापसाची पिशवी केराच्या टोपलीत टाकली, सोफ्यावरची छावणी उठविली, आणि खूप रडल्या.

पुढे तपासणी होऊन, दिवसाची पेंग गेली ऐसे पाहून डॉक्टरीणबाईंनी गाडीची परवानगी दिली. शाळा उघडली, आणि शिकाऊ मंडळींत हाहाकार उडाला. सर झोपेनात! टक्क जागे राहून प्रत्येक चूक पाहू लागले. दंतवैद्याने पाळण्याची चाल पुन्हा करून पाहिली, तो सर म्हणाले, "गाडी चालवताय की बाळ निजवताय?"

मग सासूबाईंची पाळी आली. टाच-चवडा, टाच-चवडा, गाडी उड्या मारीत त्याच चौकात पोचली, त्याच पोलिसाने कानांवर हात ठेवले, आणि सर आसनावरून उसळून ओरडले, "सासूबाई! पाय एकदाच दाबा, शिलाई नाही मारायची! आरसा बघा! नापास, साफ नापास!"

सासूबाईंनी गाडी पुन्हा चौकाच्या मधोमध उभी केली. डोळ्यांस पदर लावला आणि म्हणाल्या, "ओरडा जावईबापू, आणखी ओरडा."

येणेप्रमाणे भर चौकात, भोंग्यांच्या गजरात, सरांस 'अखंडितनिद्राअलंकृत' हा किताब पुन्हा बहाल जाहला. अक्षर एकही बदलले नाही, फक्त तो खरा जाहला. सासूबाई नापास जाहल्या आणि त्यांनी घरी जाऊन गल्लीभर गोड वाटले. फत्ते जाहली ती नोंदविली. लेखनसीमा करितो, आम्हांस आता बायकोकडे आमच्या घोरण्याविषयी चौकशी करावयाची आहे.