माशीनं दिलेलं आडनाव

मारोतराव काकाजी सही करताना आडनावाचं पहिलं अक्षर लिहीत नाहीत. तिथे एक आडवी रेघ ओढतात आणि पुढे नुसतं 'गरे' लिहितात. कुणी हटकलं तर म्हणतात, "पयलं अक्षर मागून भरू. काय घाई हाय?"

आता सांगा, अशी सही कुठे चालते? बँकेतून तीनदा परत आले. तिसऱ्या खेपेला मीच सोबत गेले होते. काउंटरवरची पोरगी तेलुगूत म्हणाली, "इंटिपेरु एमिटि, ताता?" म्हणजे, आजोबा, आडनाव काय? काकाजी खूश. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाय मंगला, बँकवालीबी 'ता' म्हणते, अन् थेबी दोन डाव!" मागे रांग केवढी! मी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं.

माझा स्वभाव मुळातच काळजीचा. इचोड्याला, म्हणजे तेलंगणातल्या आमच्या गावी, रस्त्यालगत माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा जरा कुरकुरला की मला वाटतं, आज काहीतरी होणार. आणि असल्या माझ्या भिंतीला भिंत लावून देवानं काकाजींचं घर दिलं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. दिवसभर एक लांबट वही घेऊन माझ्या गिरणीत बसतात आणि कादंबरी लिहितात. ऐतिहासिक! त्यांच्याच घराण्याची, निजामाच्या वेळची.

ज्वारी दळली जाईपर्यंत बायका ती ऐकतात. खोटं कशाला बोलू, ऐकायला मजा येते. पणजोबा कोंडजीच्या गावात अमलदार येतो, जमिनीवर नावं चढवायला. मुन्शी विचारतो, "वल्द?" म्हणजे बापाचं नाव. कोंडजीची घाबरगुंडी उडालेली, त्याला ऐकू येतं 'बैल'. तो म्हणतो, "सर्ज्या, हुजूर!" झालं, कोंडजी वल्द सर्ज्या! या जागी बायका इतक्या हसतात की एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात पडतं आणि भांडणं मला निस्तरावी लागतात.

पण खरी गोम पुढे आहे. उर्दूत एक टिंब दिलं की 'ना' होतो आणि दोन दिली की 'ता'. हे काकाजींनी मला कणकेत बोट फिरवून शिकवलं. मुन्शीनं कोंडजीचं आडनाव एका टिंबानं नागरे लिहिलं, शाई ओली होती, तेवढ्यात एक माशी कागदावर बसली आणि आपलं काम उरकून गेली. टिंबं झाली दोन. नागरेचे तागरे झाले!

ही माशी त्यांच्या घराण्यातल्या जुन्या गोष्टीतून कादंबरीत आली, पण हिच्यापायी दोन सख्खे भाऊ तुटलेत. धाकटे शामराव तलमडुगूला कापूस-ज्वारी करतात. सहा वर्षांमागं त्यांनी जाहीर केलं की आपलं मूळ नाव नागरे, दुसरं टिंब माशीचं आहे. कागदोपत्री नाव बदलूनही घेतलं. काकाजी म्हणाले, माशीची नुसती गोष्ट आहे; बापानं तागरे लावलं, मी तेच लावीन. शब्दानं शब्द वाढला आणि शामराव भर बैठकीत म्हणाले, "मंग तू माशीची औलाद!" त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि त्याच दिवसापासून काकाजींच्या सहीत ती रेघ आली.

आता शामरावांच्या पुष्पाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ही पोर काकाजींच्या खांद्यावर वाढलेली. साऱ्या इचोड्यात पत्रिका आल्या, मलासुद्धा आली. काकाजींना नाही. मी माझी पत्रिका पिठाच्या डब्यामागं लपवली, तर यांनी नेमकी तीच काढली. बराच वेळ वाचत राहिले. मग वही माझ्या हातात ठेवली.

"हे शामले नेऊन दे. शेवटचा भाग वाच म्हना."

"काकाजी, काऊन जीव घेऊन राह्यले माहा? पणज्याले बैलाचा पोरगा केला तुमी! थो वाचन अन् लग्नाचं राह्यलंच, तेराव्यालेबी बोलावनार नाई!"

"मंग तेराव्याले मीच बोलावतो. जाय."

वही घेतली आणि गेले. ऑटोत वही मांडीवर घट्ट धरली होती, तरी खड्ड्यात उसळली आणि आतून एक कागद खाली पडला. जुन्या दप्तराची नक्कल, सगळी उर्दू. मला उर्दू येत नाही, पण टिंबं मोजता येतात. काकाजींनी लाल पेन्सिलीनं तीन ठिकाणी एकच शब्द घेरला होता. तिन्ही ठिकाणी टिंबं दोन.

माशी एकदा बसेल. तीन ठिकाणी नेमकी अक्षर पाहून बसेल का?

म्हणजे काकाजीच खरे होते!  हा कागद शामरावांच्या हाती पडला तर भांडण नव्यानं पेटणार. आणि लपवला तर म्हाताऱ्याचं खरं मीच गिळल्यासारखं होणार. शेवटी कागद घडी करून पिशवीच्या तळाशी घातला आणि देवाचं नाव घेत उतरले.

शामराव अंगणात मांडवाचे बांबू मोजत होते. वही पाहून कपाळाला आठ्या पडल्या. पण वाचायला बसले. मी उभीच. शेवटच्या भागात कोंडजीचा पणतू भर पंचायतीत उठतो आणि कबूल करतो की दुसरं टिंब माशीचंच, धाकटा खरं बोलला. मग गाव त्या माशीला शाल-नारळ देतं, पण शाल पांघरताच माशी सापडेनाशी होते आणि सारं गाव शाल झटकत बसतं.

शामरावांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागानं. पाहते तर हसत होते. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले.

"म्हंजे दादानं मानलं? माशीचंच होतं?"

पिशवी माझ्या हातात होती. तोंडावर आलेलं गिळलं.

"वहीत तं तसंच लिवलं हाय, भाऊजी," मी म्हणाले.

ते घरात गेले आणि एक पत्रिका घेऊन आले. पेनानं निमंत्रकाच्या जागी आपल्या नावाच्या वर लिहिलं, 'मारोतराव'. पुढे आडनावापाशी हात थांबला. मग तिथे एक रेघ ओढली आणि 'गरे' लिहिलं. खाली स्वतःच्या छापील नागरेतला 'ना' खोडून तिथेही रेघ ओढली.

"म्या लई वंगाळ बोललो होतो दादाले," म्हणाले. "त्याले म्हना, हळदीच्या आदल्या दिसापासूनच ये. पुष्पी रोज इचारते."

इचोड्याला पोचले तर काकाजी बंद गिरणीच्या पायरीवर बसलेले. उन्हात! सकाळपासून तिथेच होते म्हणे. मी पत्रिका दिली. त्यांनी चष्मा पुसला, वाचली, पुन्हा पुसला. दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"अन् वहीतला कागद?" हळूच विचारलं. मी पिशवीतून काढून दिला. एवढी चिडले होते की रडूच आलं.

"तुमी तं खरे होते, काकाजी! सहा वर्सं काऊन चूप राह्यले?"

"कागद चार वर्सांमागं भेटला. घेऊन गेलो होतो तलमडुगूले. बसमधून उतरलो, फाटकापर्यंत गेलो. म्हनलं, हे दाखवलं तं मी जिंकन. मंग एकटा जिंकून घरी येऊन काय करू?" त्यांनी कागदाची बारीक घडी केली आणि बंडीच्या खिशात घातली. "पेन हाय का?"

हिशेबाच्या वहीला बांधलेलं पेन मी सोडून दिलं. काकाजींनी पत्रिका गुडघ्यावर घेतली आणि आपल्या नावापुढच्या रेघेवर सावकाश अक्षर भरलं: 'ना'.

"अवो काकाजी, पन तुमचं तं 'ता' हाय!"

"मले मालूम हाय, तुले मालूम हाय, माशीले मालूम हाय," पेन परत करत ते म्हणाले. "बस झालं."