हॉब्रेकची दुसरी बायको

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं मी काहीतरी दुरुस्त करायला गेल्यामुळे आली आहेत. (पाणी तापवायच्या टाकीबद्दल मी इथे बोलणार नाही. विमा कंपनीशी तसं ठरलंय.)

गेली सव्वीस वर्षं मी काउंटीच्या जमीन-नोंदणी कचेरीत बसतो. एका कागदावर कुंपण ओढ्याच्या अलीकडे आणि दुसऱ्यावर पलीकडे दिसलं, की मला त्या दिवशी अन्न गोड लागत नाही. अशा माणसाने साहसाच्या खेळात सूत्रधार होऊ नये. मी अकरा वर्षं आहे.

खेळ सोपा आहे. छापील पुस्तकात गोष्ट असते: एक गाव, एक राक्षस, थोडा खजिना. ते पुस्तक फक्त सूत्रधाराने वाचायचं. बाकीच्यांनी गोष्टीतले वीर व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. दुधाचा टँकर चालवणारा वेंडेल आमच्यात बुटका योद्धा असतो आणि पोस्टातली ल्युएला जादूगारीण. तिचा नवरा कर्टिस चोर असतो. कर्टिस बोलत नाही. दर शनिवारी दुपारी येतो, फासा टाकतो, ताज्या चीजचे रबरासारखे तुकडे दाताखाली किरकिर वाजवत खातो आणि ल्युएलाच्या मागोमाग घरी जातो.

आता एक गोष्ट कबूल करतो. अकरा वर्षांत आम्ही एकही साहस शेवटाला नेलेलं नव्हतं. मागचं अडीच वर्षं चाललं, त्यातलं दीड वर्ष आम्ही एका नावेत बसून होतो.

हे सगळं चालायचं माझ्या सासूच्या ओकच्या टेबलावर. जानेवारीत एका सकाळी त्याच टेबलावर माझी बायको मार्लिस म्हणाली, "ऑरिन, ईस्टरच्या आत एक साहस संपवून दाखव. एकच. मग शनिवारी टेबल तुझं, मी जन्मात कुरकुर करणार नाही. नाही जमलं, तर शनिवारी इथे चर्चसाठी गोधड्या शिवायच्या. बायका कधीच्या विचारतायत."

"ईस्टरला अजून दहा शनिवार आहेत," मी म्हणालो.

"नऊ. एका शनिवारी तू बर्फावर मासे धरायला जाशील आणि रिकामा परत येशील."

मी मुद्दाम सोपं पुस्तक आणलं. 'काळ्या विहिरीचं रहस्य', चार ते सहा बैठकांत संपणारं. गावातल्या विहिरीतून किंकाळ्या येतात, दर आठवड्याला एक बकरी नाहीशी होते. वीर खाणावळीत उतरतात. सकाळी खाणावळवाला हॉब्रेक रडत रडत विहिरीच्या दाराची किल्ली देतो. वीर खाली उतरतात, राक्षस मारतात. त्या बकऱ्यांनीसुद्धा संपवलं असतं.

पण पान नऊवर लिहिलं होतं, की हॉब्रेकची बायको तीन वर्षांपूर्वी वारली. आणि पान बावीसवर हॉब्रेकची बायको सलगमचं सूप वाढत होती.

लेखकाला डुलकी लागली असणार. खेळणाऱ्यांपैकी कुणीही ते पुस्तक बघणार नव्हतं. 'एक बाई सूप आणते' एवढं म्हटलं असतं, तरी भागलं असतं. मी पिवळी चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'दुसरी बायको' असं लिहिलं आणि पान बावीसवर चिकटवली. इतकं समाधान वाटलं की मी आणखी एक कप कॉफी घेतली.

पान एकतीसवर हॉब्रेक म्हणत होता, "मला या जगात कुणी नाही."

आता दुसरी बायको घरात असताना हे कसं? म्हणून मी तिला त्या सकाळी माहेरी पाठवलं. माहेर नकाशात नव्हतं, ते काढलं. मध्ये नदी होती, पूल बांधला. पूल आला म्हणजे पहारेकरी आला. पहारेकरी जागा सोडून पाठलाग करणार नाही, याला कारण हवं, म्हणून त्याचा गुडघा आखडवला. शुक्रवारपर्यंत चिठ्ठ्यांनी पुस्तक मिटेना. "त्याला पिसं फुटलीत का?" मार्लिसने विचारलं.

शनिवारी सगळे बसले. मी सूत्रधाराच्या आवाजात वाचलं, "हॉब्रेकची दुसरी बायको गरम सूप घेऊन येते."

वेंडेलने मान वर केली. "दुसरी? पहिलीचं काय झालं?"

"वारली."

"कशाने?"

पुस्तकात नव्हतं. मी जरा जास्तच वेळ पान बघत राहिलो.

"मी सूप पीत नाही," ल्युएला म्हणाली.

"अगं, सूप साधं आहे."

"तू घाम का पुसतोयस मग?"

त्यांनी विहिरीचं नावही काढलं नाही. पुढच्या शनिवारी ते कबरस्तानात होते. उकरायचं कशाने, यावर वाद चालू असताना कर्टिस म्हणाला, "माझ्याकडे फावडं आहे." अकरा वर्षांतलं त्याचं हे दुसरं वाक्य. (पहिलं मिठाबद्दल होतं.) एवढ्या उत्साहाला नाही कसं म्हणायचं? फासा टाकला, वीस पडले, शवपेटी उघडली.

"आत काय आहे?"

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्या कचेरीत कागद नसेल तर भानगडही नसते. पेटी रिकामी म्हणजे विषय संपला, असा मी हिशोब केला. "आत काहीही नाही," मी ठामपणे सांगितलं.

वेंडेलने चीज खाली ठेवलं. ते मी आजवर पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी बर्फावर मासे धरायला गेलो. (रिकामा परत आलो.) चौथ्या शनिवारी मी ठरवलं, झगड्याचं मूळच काढून टाकू. दुसरी बायको माहेरी जाताना मी तिच्याखालचा पूल पाडला.

"म्हणजे दोन बायका गेल्या," ल्युएला सावकाश म्हणाली. "आणि हा माणूस सूप विकतोय."

त्यांनी हॉब्रेकला बेड्या घातल्या. विहिरीची किल्ली त्याच्याच खिशात, त्याच्यासकट तुरुंगात गेली. मग खटला उभा राहिला. ल्युएला वकील. न्यायाधीश मी, आरोपी मी आणि आखडलेल्या गुडघ्याचा पहारेकरी, म्हणजे मुख्य साक्षीदार, तोही मीच. पुस्तकाप्रमाणे मी दर शनिवारी आठवण करून द्यायचो, की आणखी एक बकरी नाहीशी झाली.

"होऊ दे," वेंडेल म्हणायचा. "साक्षीदार बोलतोय."

असा ईस्टरच्या आदल्या दिवसाचा शनिवार उजाडला. दुपारचे चार वाजले तरी उलटतपासणी गुडघ्यावरच होती. मार्लिस बटाट्याचं हॉटडिश (ओव्हनमध्ये भाजलेलं एकाच भांड्यातलं जेवण) आणि वाढायचा डाव घेऊन बाहेर आली, भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता टेबलाची लांबी हाताने मोजू लागली.

"मार्लिस, तूच सांग," वेंडेल म्हणाला, "पहिलीला यानेच मारलं ना?"

"पहिली मेलेलीच नाही," मार्लिस म्हणाली. "रिकामी पेटी पुरायला लावली आणि विहिरीत राहायला गेली. म्हणून तर तो किल्ली जपतो आणि रडतो."

"आणि किंकाळ्या?"

"कुणी खाली येऊ नये म्हणून. मीसुद्धा कधीकधी न्हाणीघराचं दार लावून आत व्हॅक्यूम चालू ठेवते."

(मला वाटायचं, आमचं न्हाणीघर फार स्वच्छ आहे.)

"बकऱ्या?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"खाणार काय ती?"

मी पुस्तक चाळलं. बकऱ्या न्यायला वर येणारी बाई सूपही वाढून जाऊ शकते; पान नऊ, बावीस, एकतीस, सगळं जुळत होतं. एकसुद्धा चिठ्ठी लागत नव्हती.

"पण त्याने तिचं केलं काय होतं?" ल्युएलाने विचारलं.

"काही नाही," मार्लिस म्हणाली. "दर शनिवारी माणसं जमवायचा."

कर्टिसने चीजचा पुढचा तुकडा तोंडात टाकला.

मग ते तिघं तुरुंगातून किल्ली घेऊन विहिरीत उतरले. पहिल्या बायकोचं काम मार्लिसने केलं, हातातल्या डावासकट. तहात खाणावळ तिला मिळाली आणि उरलेल्या बकऱ्या गावाला. पाचला दहा मिनिटं कमी असताना मी पुस्तक मिटलं. आमच्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण साहस.

"संपलं," मी म्हणालो. "ईस्टरच्या आत. शनिवारी टेबल माझं."

"संपवलं कुणी?" मार्लिसने विचारलं.

मी मित्रांकडे बघितलं. ल्युएला आपलं ताट बघत होती. वेंडेल छत बघत होता. कर्टिसने बोट दाखवावं तसा काटा मार्लिसकडे रोखला आणि परत जेवायला लागला.

आता शनिवारी टेबलावर गोधड्या असतात. मार्लिस टाके घालता घालता त्या खाणावळीची पुढची गोष्ट सांगते. वेंडेल, ल्युएला आणि कर्टिस भोवती बसून शिवतात आणि खेळतात. वेंडेलचे टाके चर्चमध्ये नावाजले गेलेत. फासा पिनांच्या डबीत असतो. मला त्यांनी हॉब्रेकचं काम दिलंय, पण हॉब्रेक अजून तुरुंगात असल्यामुळे मला बोलायचं नसतं. मी कापडाचे चौकोन कापतो.

परवा मात्र मला राहवलं नाही. "मार्लिस," मी म्हणालो, "तुझ्या गोष्टीत एक बारीकशी चूक राहिलीय. हॉब्रेकला आत टाकून तीन महिने झाले आणि त्याला अजून कुणी जेवायला घातलेलं नाही."

तिने दोरा दाताने तोडला आणि सुईत नवीन ओवला.

"ती चूक नाहीये," ती म्हणाली.