जागचं न हलणारं मशीन

बदलापूरच्या फ्लॅटमधलं कपडे धुवायचं मशीन पिळायला लागलं की गॅलरीभर फिरायचं, आणि ते पाहून श्यामकांत राण्यांचं डोकं फिरायचं. माणूस अंबरनाथच्या कारखान्यात मेंटेनन्सला. तिथे मशीन म्हणजे बोल्ट ठोकून जमिनीत गाडलेलं. आणि हे घरातलं कारटं फेरफटका मारतं? उल्हासनगरच्या दुकानदाराला फोन केला, तर त्याने ‘साहेब, आपका फ्लोअर ही टेढा है’ म्हणून उलट घरालाच नावं ठेवली.

“येत्या रविवारी वीतभर जरी सरकलं, तर सोमवारी परत,” त्यांनी बायकोला, पद्मजाबाईंना, बजावलं. चादरी पिळून पिळून बाईंची मनगटं गेली होती. मशीन गेलं की पुन्हा मोरीतला पाट. (श्यामकांतांनी जन्मात रुमालही पिळला नव्हता, म्हणून तर एवढा बाणा.)

रविवारी आंघोळीला निघालेले श्यामकांत टॉवेलवरच गॅलरीत शिरले. बायकोची मध्ये मध्ये कटकट नको म्हणून दार आपटून लावलं, मशीन सुरू केलं. ते गरगरलं आणि निघालं. श्यामकांत असे भडकले, की थेट त्याच्यावर चढून बसले. मशीन जागच्या जागी थांबलं. पण त्याची सगळी थरथर फरशीत उतरली आणि फरशीतून दारात. दाराला स्वयंपाकघराकडून खालची कडी होती, गंजून वर अडकलेली. तिला तेल घाला म्हणून पद्मजाबाईंनी कित्येकदा सांगितलेलं. हातोड्यालाही ती दाद देत नव्हती. ती थरथरत खाली उतरली आणि फरशीच्या भोकात जाऊन बसली.

(थरथरीने घट्ट बसलेलं सुटतं, हे कारखान्यात पोरांवर खेकसून शिकवायचे, ते हेच.)

मग दारावर लाथा, दुकानदाराचा उद्धार, कडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या मोतीबाई खुर्ची घेऊन बाल्कनीत बसल्या.

“अहो, सरकलं का मशीन?” पद्मजाबाईंनी आतून शांतपणे विचारलं.

“आधी दार उघड.”

“वीतभर तरी?”

नव्हतं सरकलं. “राहू दे घरात,” श्यामकांत दातओठ खात म्हणाले.

“मग पुन्हा चालू करा आणि वर बसा. मी इकडून कडी ओढते, थरथरल्याशिवाय ती वर यायची नाही.”

ते बसले. टॉवेल सावरत, मोतीबाईंच्या देखत, गदगदा हलत बसले. पद्मजाबाईंनी आतून ओढली, तशी कडी अलगद वर आली.

हल्ली कोणी विचारलं तर पद्मजाबाई सांगतात, मशीन फर्स्टक्लास आहे, जागचं हलत नाही. फक्त दर रविवारी वर आमच्या ह्यांना ठेवावं लागतं.