उलट्या ओट्याचं घर

भाडेकरूची परीक्षा घेणारे घरमालक बेंगळुरूत पैशाला पासरी. मांसमच्छी खाता का, पाहुणे फार येतात का, दहा महिन्यांचा अडव्हान्स आणलात का. आमचे मालोजी अण्णा मात्र घर बघायला आलेल्या बाईला थेट स्वयंपाकघरात नेत आणि म्हणत, "अक्का, स्वल्प कॉफी करा बघू."

अण्णा जे. पी. नगरात आमचे शेजारी. आपले पूर्वज इकडे आले तेव्हा पुणं खेडं होतं, हे ते मला, म्हणजे पुण्याहून बदलून आलेल्या जोशाला, येता-जाता ऐकवत. बायको वारलेली, एकुलती एक सुलू लग्न होऊन अमेरिकेत. निवृत्ती जवळ आली तसं त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं.

"कर्ज फिटलेलं घर म्हणजे पेन्शनर रे जोशी. बसून खातंय. त्याला कामाला लावायचं."

आणि लावलंच. राहतं घर बँकेकडे गहाण टाकून त्या पैशात एचएसआर लेआउटमध्ये दुसरं घर उठवलं. तिथं तेव्हा मोकळे प्लॉट, वारा आणि कुत्री. "नव्याचं भाडं जुन्याचा हप्ता भरणार. मी मधे बसून कॉफी पिणार," अण्णा म्हणत. हिशेब चोख होता. फक्त नव्या घरात कोणीतरी राहायला हवं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

त्यातून त्या घराचा ओटा उलटा. नळ, दिव्याचं बटण, चमच्यांचा कोनाडा, सगळं भलत्या बाजूला. मला वाटलं, गवंडी प्यायला असेल. छे! गवंड्यानं आधी सरळच बांधला होता. अण्णांनी तो फोडायला लावून असा करून घेतला होता.

बायका यायच्या, चमचा शोधत चाचपडायच्या, दूध सांडायच्या. अण्णा त्यांची कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे आणि म्हणायचे, "सरी, बरंय, कळवतो." कळवायचे मात्र कोणालाच नाही. कॉफी बरी होती की वाईट, तेही सांगायचे नाहीत.

पेन्शनीतून हप्ते भरता भरता अण्णांचं पेपर घेणं बंद झालं. मग स्कूटर गेली. एक दिवस बँकेचा माणूस येऊन राहत्या घराला बाहेरून प्रदक्षिणा घालून गेला. मी भडकलोच. म्हटलं, "अण्णा, कॉफीपायी डोक्यावरचं छप्पर घालवणार आहात का?"

"उद्या एक मुलगी येतेय," एवढंच बोलले. मीही सोबत गेलो.

मुलगी बेळगावकडची, ललिता. नर्स होती, आईला घेऊन राहणार होती. ओट्याशी उभी राहिली, गॅस पेटवला, आणि माझ्याशी बोलता बोलता, न बघताच, डावा हात कोनाड्यात घालून चमचा काढला. साखर घातली, ढवळली, सगळं डाव्या हातानं. "अय्या, इथं सगळं कसं हाताशी आहे," म्हणाली.

अण्णा दाराच्या चौकटीला धरून बघत राहिले. कॉफी प्यायले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. अडव्हान्सचं नावही काढलं नाही.

बाहेर पायरीवर येऊन बसले. मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगायला लागले.

"सुलू डावखुरी. आई चापट मारायची हातावर. रडत माझ्याकडं यायची, म्हणायची, अण्णा, मला माझा ओटा बांधून द्या." पायरीवरची वाळू हातानं झाडत पुढं म्हणाले, "परत येईल म्हणून बांधला. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. त्यांनी तिकडंच घर घेतलं. आता येत नाहीत ती."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकलो. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ललिता दारात आली. "अण्णा, भाडं चेकनं पाठवत जाऊ का? तुम्हाला एवढ्या लांब हेलपाटा नको."

"नको गं," अण्णा घाईनं उठत म्हणाले. "मी येऊन नेत जाईन. तू फक्त कॉफी ठेव."